नर दिसतो, मादी कळत नाही: गप्पीची देखणी लाइन घडते कशी आणि बिघडते कशी

पावसाळा लागला की हिवताप विभागाची माणसं घरोघरी येतात, पिंपं-टाक्या वाकून बघतात आणि बांधकामावरच्या एखाद्या साचलेल्या हौदात गप्पी मासे सोडून पुढे जातात. मातकट रंगाचे, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे मासे. डासांच्या अळ्या खातात, कसल्याही पाण्यात तग धरतात. त्यापलीकडे त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आणि तिकडे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ॲक्वेरियमच्या दुकानात लालभडक शेपटीचा पंखा हलवत जो फिरतो, ज्याच्या जोडीला काहीशे रुपये मोजावे लागतात, तोही गप्पीच. जात एकच. दोघांना एका टाकीत सोडलं तर पिल्लंसुद्धा होतील.

हा दुकानातला गप्पी कुणी प्रयोगशाळेत बनवलेला नाही आणि त्याला रंगही टोचलेला नाही. शंभरेक वर्षं हौशी लोकांनी एकच काम केलं: दर पिढीत थोडे मासे पैदाशीला ठेवले आणि बाकीचे बाजूला काढले. निवड पद्धतीची पैदास म्हणतात ती हीच. ऐकायला अगदीच सोपी. मग दुकानातून देखणी जोडी आणलेल्या बहुतेकांच्या टाकीत वर्ष-दीड वर्षात पुन्हा आखूड शेपटीचे, फिकट मासे का दिसायला लागतात? लोक पाण्याला दोष देतात, खाद्याला देतात, दुकानदाराला तर देतातच. खरी भानगड बहुतेक वेळा मादीत असते, आणि तिच्याकडे कुणी नीट बघितलेलंच नसतं.

रंग आधीपासूनच होते

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातला, म्हणजे व्हेनेझुएला, गयाना आणि शेजारचं त्रिनिदाद बेट इथला. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नाव मात्र चिकटलं ते रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांचं. त्यांनी १८६६ मध्ये त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले होते.

जंगली गप्पीच्या नरावर केशरी, काळे, निळसर ठिपके असतातच. मादी साधी, राखाडी-हिरवट. त्रिनिदादच्या ओढ्यांमध्ये जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने या ठिपक्यांचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. गप्पी खाणारे मोठे मासे जिथे भरपूर, तिथले नर कमी ठिपक्यांचे आणि पार्श्वभूमीत मिसळून जाणारे होते. शिकारी मासे जवळपास नसलेल्या वरच्या ओढ्यांत नर भडक होते, कारण माद्यांना भडक नर आवडतात. एंडलरने शिकारी असलेल्या ओढ्यातले गप्पी शिकारी नसलेल्या ओढ्यात नेऊन सोडले, तेव्हा काही पिढ्यांतच नरांवरचे ठिपके वाढले. वेगळे रंग बाहेरून आले नाहीत. कुणाची पिल्लं जगणार आणि कुणाची नाही, तेवढं बदललं.

आपल्या टाकीत शिकारी नसतो, पण निवड चालूच असते. जाळी हातात घेऊन ‘हा ठेवू, हा नको’ म्हणणारे आपण असतो. आणि जाळी हातात घेतलीच नाही, तरीही निवड होतेच: जो नर लवकर वयात येतो, चपळ असतो आणि मादीच्या मागे जास्त पळतो, त्याची पिल्लं जास्त होतात. मोठा पंखा घेऊन पोहणारा नर या शर्यतीत मागे पडतो. म्हणजे टाकी नुसती चालू ठेवली तर ती आपोआप आखूड शेपटीकडे सरकते. लाइन, म्हणजे सारखी पिल्लं देणारं घराणं, ‘बिघडते’ म्हणतात त्यातला निम्मा भाग एवढाच आहे.

द्राक्षाला कलम आहे, माशाला नाही

नाशिककरांना हे द्राक्षावरून चटकन कळेल. थॉमसन सीडलेसच्या बागेत एखादा वेल वेगळा निघाला, त्याचे मणी लांबट आले, की बागायतदार त्याच्या काड्या घेतो आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधतो. तास-ए-गणेश ही अशीच थॉमसनमधून निवडलेली जात. कलम हा त्याच वेलाचा तुकडा असल्यामुळे दिंडोरीतला हजारावा वेलही पहिल्याची तंतोतंत प्रत असतो. चांगला वेल एकदाच सापडायला हवा, पुढचं काम कात्रीचं.

माशाचं तसं नाही. प्रत्येक पिल्लाला जनुकांचा निम्मा वाटा बापाकडून आणि निम्मा आईकडून मिळतो, आणि त्यांच्याकडच्या जोड्यांपैकी कोणता अर्धा येणार हे दर पिल्लागणिक नव्याने ठरतं. स्पर्धा जिंकणारा नर हाताशी असला तरी त्याच्या मुलात तो निम्माच असतो. नातवात सरासरी चौथा हिस्सा. म्हणून माशांच्या पैदाशीत ‘चांगला मासा’ ही गोष्ट फारशी मोलाची नाही. चांगली लाइन मोलाची असते, म्हणजे ज्यातला कोणताही नर आणि कोणतीही मादी घेतली तरी पिल्लं साधारण सारखीच निघतील असं कुटुंब. ते घडवायला काही पिढ्या जातात. गप्पी दोन-तीन महिन्यांत पैदाशीला येतो, मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं देते, त्यामुळे वर्षात तीन-चार पिढ्या हातात येतात. एंजलसारख्या माशाला एका पिढीसाठीच आठ-दहा महिने थांबावं लागतं.

लपून बसणारे गुण

आधी सगळ्यात सोपा प्रकार. अल्बिनो गप्पी, लाल डोळ्यांचा. हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती अल्बिनोच्या असतील तरच तो दिसतो. अल्बिनो नर आणि शुद्ध साधी मादी यांची सगळी पिल्लं साध्या डोळ्यांची निघतात, एकही अल्बिनो नाही. नवखा माणूस इथे निराश होऊन ती वाटून टाकतो. पण त्या प्रत्येक पिल्लात अल्बिनोची एक प्रत लपलेली असते. हौशी मंडळी अशा माशाला ‘हेट’ म्हणतात. दोन हेट एकत्र आणले की चाळीस पिल्लांत साधारण दहा अल्बिनो अपेक्षित. साधारण, बरं का. सात निघतील, तेरा निघतील, कारण प्रत्येक पिल्लाचं वेगळं ठरतं. हेट आणि अल्बिनो जोडला तर निम्मी पिल्लं अल्बिनो.

यातली अडचण उरलेल्या तीस साध्या पिल्लांत आहे. त्यांतली सुमारे वीस हेट आहेत आणि दहा पूर्ण साधी, आणि नुसतं बघून कुणालाही ती वेगळी करता येत नाहीत.

सगळेच गुण असे पूर्ण लपत नाहीत. एंजल माशात ‘डार्क’ नावाचं एक जनुक आहे. त्याची एक प्रत असली की मासा ब्लॅक लेस होतो, गडद पण जाळीदार पंखांचा. दोन प्रती असल्या की पुरता काळा. दोन ब्लॅक लेस जोडले तर पिल्लांत एक भाग काळी, दोन भाग ब्लॅक लेस आणि एक भाग साधी चंदेरी निघतात. इथे डोस, म्हणजे जनुकाच्या प्रती किती, डोळ्यांना दिसतो, म्हणून जनुकं शिकायची असतील तर एंजल हा गप्पीपेक्षा फार बरा मास्तर आहे. जोॲन नॉर्टन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एंजलच्या अशा जोड्या पद्धतशीर लावून त्यातली बरीच जनुकं उलगडली. त्यातच एक धंद्याची गोष्ट कळते: डार्कच्या दोन प्रती असलेली पिल्लं नाजूक असतात, वाढवायला अवघड. म्हणून काळा एंजल हवा असेल तर बरेच जण काळा आणि गोल्ड, म्हणजे सोनेरी, एंजल जोडतात. डार्क आणि गोल्ड ही एकाच जनुकाची दोन रूपं असल्याने सगळी पिल्लं काळी दिसतात, आणि अंगाने दणकट असतात. पण हीच पिल्लं पुढे आपसात जोडली की गोल्ड परत वर येतं. विकायला उत्तम, लाइन म्हणून कुचकामी.

बापाकडून मुलाकडे, आणि आईकडून गुपचूप

आता गप्पीची खरी गंमत. माणसासारखंच गप्पीतही मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि नराला एक एक्स व एक वाय. डेन्मार्कचे योहानेस श्मिट, ज्यांनी ईल मासा अंडी घालायला सारगासो समुद्रात जातो हे शोधण्यात हयात घालवली, त्यांनी १९२० मध्ये गप्पीबद्दल एक छोटी पण भारी गोष्ट मांडली. नराच्या अंगावरचा एक विशिष्ट ठिपका बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, आई कुठलीही असो. त्यांचेच देशबांधव ओय्विन विंगे यांनी पुढची काही वर्षं हे काम खोलवर नेलं आणि दाखवलं की असे बरेच रंग वाय गुणसूत्रावर बसलेले आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. स्नेकस्किन गप्पीच्या अंगावरची नक्षी किंवा मॉस्को गप्पीचा गडद रंग सहसा वायवर असतो. असा नर हौदातल्या मातकट मादीला जोडला तरी मुलांच्या अंगावर बापाची खूण दिसते. म्हणून माणूस खूश होतो आणि मादी कुठलीही चालते असा समज करून घेतो.

पण मुलाचा एक्स कुठून आला? नेहमी आईकडून. बापाने त्याला वाय दिला, त्यामुळे बापाच्या एक्सवरचं काहीही मुलाला मिळत नाही. शेपटीचा रंग, तिच्यातला भरीवपणा, कित्येक टक्सेडो लाइनमधला मागच्या अर्ध्या अंगाचा काळा रंग, यातलं बरंच एक्सवर असू शकतं. बापाचा एक्स जातो मुलीकडे, आणि मुलीकडून नातवाकडे. म्हणजे नातवाची शेपटी बघताना आईकडच्या आजोबाकडे बघावं लागतं. दुकानातून देखणा नर घेतला, त्याच्याबरोबर दुसऱ्याच टाकीतली एक धट्टीकट्टी मादी घेतली, की मुलांना अंगावरची नक्षी बापाची मिळते आणि शेपटी भलत्याच कुणाच्या घराण्याची. पहिल्या पिढीत हे ‘थोडं कमी’ वाटतं. दुसऱ्या पिढीत सगळं विस्कटतं.

मादीत हे रंग असूनही दिसत नाहीत, कारण त्यातले बहुतेक नराच्या हार्मोनशिवाय अंगावर उमटतच नाहीत. पूर्वी काही जण मादीला थोडं नर-हार्मोन देऊन तिच्या अंगावर काय उमटतं ते बघायचे. रंग उमटतो, पण मादी पैदाशीला बिघडते. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. शिवाय दुकानात कोवळे मासे भडक दिसावेत म्हणूनही हार्मोन वापरलं जातं, तेव्हा तीन आठवड्यांचा पूर्ण रंगात आलेला ‘नर’ कुणी दाखवला तर हात आखडता घ्यावा.

मादी ओळखायचा सरळ मार्ग तिची मुलं बघण्याचा. दोन बहिणी घ्या, वेगवेगळ्या टाक्यांत ठेवा आणि दोघींना एकच नर द्या. समजा गुण एक्सवरचा काळा टक्सेडो आहे. पहिलीच्या वीस नर पिल्लांपैकी वीसच्या वीस काळी निघाली, तर तिच्या दोन्ही एक्सवर तो गुण आहे हे जवळजवळ पक्कं. दुसरीची दहा-अकरा काळी आणि बाकीची कोरी निघाली, तर तिच्या एकाच एक्सवर आहे. दोघी टाकीत शेजारी ठेवल्या तर कदाचित तुम्हाला फरक सांगता येणार नाही. पण पहिलीच्या मुली लाइन पुढे नेतील आणि दुसरीच्या मुली घोळ घालतील. आता ज्या घरात सगळे मासे एकाच चार फुटी टाकीत मिसळून आहेत, तिथे कोणती मुलं कुणाची हे कळणार कसं? म्हणून गप्पीवाल्याकडे एक मोठी टाकी नसते, भिंतीला लागून छोट्या छोट्या टाक्यांची मांडणी असते आणि प्रत्येकीवर मार्करने लिहिलेली चिठ्ठी.

जाता जाता: एक्स आणि वाय यांच्यात क्वचित तुकड्यांची अदलाबदल होते, हेही विंगेनेच दाखवलं. त्यामुळे वर्षानुवर्षं शुद्ध असलेल्या लाइनमध्येही एखादा विचित्र नर उगवू शकतो. त्यात कुणाची फसवणूक नसते.

चौथा आठवडा

मादीबद्दलची दुसरी अडचण रंगाहून मोठी आहे. गप्पीची मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि नर नसतानाही पुढचे कित्येक महिने पिल्लं देत राहते. दुकानात नर-माद्या एकत्र असतात. तिथून आणलेल्या मादीच्या पोटात कुणाकुणाचं बीज आहे ते देवालाच ठाऊक. म्हणून हवी असते कोरी मादी, म्हणजे वयात यायच्या आत नरांपासून वेगळी काढलेली.

हे काम पिल्लं तीन-चार आठवड्यांची असताना करायचं, आणि घाईने होत नाही. पाच-सहा पिल्लं पांढऱ्या वाडग्यात थोड्या पाण्यासकट घ्यायची, किंवा पारदर्शक डबीत घेऊन पाठीमागून मोबाइलचा टॉर्च मारायचा. पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग दिसू लागलेला असतो, ती मादी. त्याच्याच मागे खालच्या बाजूला जो पर असतो, तो मादीत त्रिकोणी, पसरलेला राहतो. नरात त्याच पराचे पुढचे काटे लांबायला लागतात, पर निमुळता होत जातो आणि काही दिवसांत त्याची मागे वळलेली बारीक काडी होते. सुरुवातीला फरक एवढा सूक्ष्म असतो की पिल्लू वळण्याची वाट बघत बसावं लागतं. संशय आला की नर समजायचं आणि माद्यांच्या टाकीतून बाहेर काढायचं. मादी चुकून नरांत गेली तर एक मादी वाया जाते, नर चुकून माद्यांत राहिला तर सगळी टाकी जाते. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं. काही नर उशिरा रूप दाखवतात, आणि नेमके तेच मोठ्या शेपटीचे निघण्याची शक्यता असते, कारण नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. जो उशिरा येतो तो आधी अंगाने वाढून घेतो.

शेपटी एका जनुकाची नसते

अल्बिनो असतो किंवा नसतो. शेपटीची रुंदी, अंगाची लांबी, पाठीवरच्या पराची ठेवण यांत असं होय-नाही नसतं. त्यामागे बरीच जनुकं थोडाथोडा हातभार लावतात आणि उरलेलं काम खाणं, पाणी, गर्दी आणि तापमान करतात. त्यामुळे सर्वांत मोठ्या शेपटीच्या बापाची मुलं सहसा त्याच्याहून थोडी उणी निघतात. बाप मोठा होता तो काही अंशी जनुकांमुळे, काही अंशी त्याला मोकळी टाकी आणि ताजी आर्टेमिया (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं जिवंत खाद्य) मिळाली म्हणून. टाकी वारशाने मिळत नाही.

आकड्यांत बघू. समजा तुमच्या लाइनमध्ये शेपटीची सरासरी २ सेंटिमीटर आहे. तुम्ही पैदाशीला निवडलेल्या नरांची सरासरी २.६ आहे आणि माद्याही तितक्याच तोलाच्या घराण्यातल्या आहेत. फरक ०.६ चा. या गुणातला निम्मा फरक वारशाने जाणारा असेल तर पुढच्या पिढीची सरासरी सरकेल फक्त ०.३ ने, म्हणजे २.३ वर. आणि माद्या डोळे मिटून घेतल्या असतील तर त्याचीही निम्मीच सरक, ०.१५. कष्ट तेवढेच, फळ अर्धं. मादीकडे दुर्लक्ष करण्याचा हिशेब असा मोजता येतो.

नाशिकच्या हवेचाही इथे संबंध आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास किंवा खाली येतो, निफाडला त्याहूनही खाली. हीटर असला तरी गच्चीवरच्या खोलीत वीज दोन तास गेली की छोट्या टाकीचं पाणी भराभर गार होतं. पिल्लांची वाढ मंदावते, पांढरे ठिपके पडण्याचा आजार याच दिवसांत डोकं काढतो. त्यामुळे जानेवारीची पिल्लं आणि मार्चची पिल्लं शेजारी ठेवून ‘ही बॅच सरस’ म्हणणं म्हणजे जनुकांऐवजी ऋतूला बक्षीस देणं. तुलना करायची ती एकाच आठवड्यात जन्मलेल्या, सारख्या संख्येने सारख्या टाकीत वाढलेल्या भावांची. लाल-केशरी रंगातला काही भाग कॅरोटिनॉइड्स या रंगद्रव्यांचा असतो, आणि ती मासा स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच मिळतात. फिकट लाल नर बाद करण्याआधी त्याला काय खाऊ घालत होतो ते आठवावं.

पाण्याच्या बाबतीत गप्पीवाल्याचं नशीब बरं आहे. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, आणि गप्पीला जड पाणी मानवतं. नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरलं की झालं. डिस्कस किंवा निऑन टेट्रा या माशांची पैदास करायची तर मात्र आरओचं पाणी मिसळून ते हलकं करावं लागतं, आणि मग रोजचं पाणी बदलणं हाच एक उद्योग होऊन बसतो.

जवळच्या नात्यातली पैदास

लाइन पक्की करायची म्हणजे सारखे जनुक एकत्र आणायचे, आणि त्याचा जवळचा रस्ता म्हणजे भाऊ-बहीण किंवा बाप-मुलगी जोडणं. माशांत हे सर्रास चालतं. पण हिशेब माहीत असावा. आधी नातं नसलेल्या जोडीची पिल्लं आपसात जोडली तर होणाऱ्या पिढीत जनुकांच्या सरासरी २५ टक्के जागांवर दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. पुन्हा भाऊ-बहीण जोडले की ३७.५ टक्के, तिसऱ्या वेळी ५० टक्के. हवा तो गुण पक्का होतो, आणि लपून बसलेले वाईट गुणही त्याच वेगाने वर येतात: पिल्लं कमी, अंग लहान, आजाराला लवकर बळी.

यावर जुन्या लोकांचा उपाय असा की एकाच घराण्याच्या दोन किंवा तीन शाखा वेगळ्या टाक्यांत चालवायच्या आणि काही पिढ्यांनी शाखांत लग्न लावायचं. रक्त थोडं ताजं होतं आणि रूप तेच राहतं. अगदीच बाहेरचा मासा आणायचा तर तो संपूर्ण लाइनमध्ये घालू नये. एका शाखेत घालून मुलं-नातवंडं बघावीत, बाकीच्या शाखा तशाच ठेवाव्यात.

पाठीला बाक आलेला मासा दिसला की सगळे ‘इनब्रीडिंग’ म्हणून मोकळे होतात. कधी ते खरं असतं, कधी तो माशांचा क्षय असतो. त्याचे जंतू हाताच्या जखमेतून माणसाच्या कातडीतही शिरू शकतात. बोट कापलेलं असेल तर हातमोजा घालूनच टाकीत हात घालावा.

निवड किती ताणायची

फायटर माशात संगमरवरी ठिपक्यांचा मार्बल प्रकार अमेरिकेत इंडियानाच्या तुरुंगात मासे पाळणाऱ्या ऑर्व्हिल गली या कैद्याने काढला, असं सांगतात. त्या रंगामागे जनुकसंचात उड्या मारणारा एक तुकडा आहे. म्हणून मार्बल किंवा कोई फायटर विकत घेतला आणि तीन महिन्यांत त्याचा नकाशाच बदलला, तर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. तो मासा तसाच आहे. हे मजेशीर आहे, त्यात माशाचं काही जात नाही.

ड्रॅगन फायटरचं तसं नाही. जाड चमकदार खवल्यांसाठी निवड करत गेलं की काही माशांत तेच खवले डोळ्यांवर चढतात आणि मासा आंधळा होतो. डिस्कसची पिल्लं आई-बापाच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात आणि त्यांच्याकडे जाताना त्यांच्या गडद रंगाचा आधार घेतात. थायलंडमध्ये निघालेल्या पिजन ब्लड प्रकाराला अंग गडद करताच येत नाही, त्यामुळे पिल्लं कधीकधी आई-बाप सोडून भलतीकडेच चिकटून बसतात. पॅरट सिचलिड तर वेगवेगळ्या जातींचा संकर, त्याचं तोंडही धड मिटत नाही. माझी स्वतःची रेषा साधी आहे: ज्याला पोहता, बघता, खाता आणि वीण लावता येत नाही, तो मासा कितीही महाग विकला गेला तरी ती पैदास फसली. गप्पीतही इतक्या लांब परांचे नर असतात की त्यांना मादीशी जुळताच येत नाही आणि लाइन त्यांच्या आखूड परांच्या भावांवर चालवावी लागते. ते भाऊ विकत कुणी घेत नाही, पण त्यांच्याशिवाय लाइन नाही.

निळ्या दिव्याखाली चमकणारे झेब्रा मासे या हिशेबात येत नाहीत. सिंगापूरच्या प्रयोगशाळेत जेलीफिशचं जनुक झेब्रा माशात घातलं, तिथून ते आले. काचमाशांना सुईने रंग टोचतात तो तर निव्वळ छळ आहे, पिल्लं साधीच होतात.

बाकीच्यांचं काय

एका मादीची चाळीस पिल्लं, त्यातले पुढे ठेवायचे दोन-तीन नर आणि चार-पाच माद्या. उरलेले तीसेक? हा प्रश्न पहिली मादी आणण्याआधी सुटलेला असावा. मिक्स गप्पी म्हणून दुकानदार घेतात, शेजारपाजारची मुलं नेतात, मोठ्या माशांना खाद्य म्हणूनही जातात. गोदावरीत, नासर्डीत किंवा गंगापूर धरणात सोडायचे नाहीत, पुण्याचं काम समजून तर मुळीच नाहीत. गप्पी कुठेही टिकतो आणि पटापट वाढतो. आपल्या नदीतल्या लहान माशांच्या वाट्याचं खातो, त्यांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. टाकीतून नदी-तळ्यांत सोडलेल्या सकर माशांनी देशात कित्येक ठिकाणी असाच घोळ घातलाय.

सुरुवात करायची असेल तर एकच स्ट्रेन, म्हणजे एकच प्रकार, घ्या, आणि जोडी न घेता ट्रायो घ्या: एक नर आणि त्याच लाइनच्या दोन माद्या, शक्यतो कोऱ्या. अल्बिनो आणि टक्सेडो आणि मॉस्को सगळं एकदम नको. वहीत तारीख, टाकीचा नंबर, आई-बाप आणि नर-माद्यांची संख्या लिहा. आणि घेताना विकणाऱ्याने नर कितीही हौसेने दाखवला तरी त्याला माद्यांचे भाऊ दाखवायला सांगा. ज्याच्याकडे खरंच लाइन आहे तो शेजारच्या टाकीकडे बोट दाखवेल. ‘मादीचं काय बघायचंय, सगळ्या सारख्याच’ म्हणाला, तर नर आवडला असला तरी पैसे खिशातच ठेवा.